शिंग उरत नाही

गोकाकच्या खाली घटप्रभा जिथं कडा कापत जाते
तिथं उभ्या दगडात एक गवी आहे.
गवी म्हणजे गुहा. हा शब्द मला लगमाप्पानं दिला.
शेळीचं पिल्लू हुडकायला तो आत शिरला
आणि दात घेऊन बाहेर आला.
पिल्लू संध्याकाळी आपणहून घरी.
दात चार महिने त्याच्या उंबऱ्यापाशी होता,
वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून.

मी हाडं काढते. म्हणजे कागदावर.
उकरणारे वेगळे.
एकास एक माप, उजेड नेहमी डाव्या वरच्या कोपऱ्यातून,
गवीत तो कुठूनच येत नसला तरी.
नोंदवहीचे रकाने कन्नडमध्ये छापलेले,
भरायचे इंग्रजीत,
आणि समासात पेन्सिलीनं माझी मराठी,
जी साहेब वाचतात आणि खोडत नाहीत.

छताला हात लावला तर लाटा लागतात.
खरंच. वाळूच्या वळ्या, बोट-बोट अंतरानं,
दगड झालेल्या.
सदलगे साहेब म्हणाले, उथळ समुद्र होता इथं,
प्राणी म्हणावं असं काही व्हायच्याही आधी.
मग गेला.
कड्याला कुणी कळवलं नसावं,
तो अजून तसाच उभा, छाती काढून,
आणि समोर ऊस, मोटारीची धडधड,
तारेवर वाळत घातलेलं कुणाचं तरी हिरवं लुगडं.

गेंडा तर परवाचा, म्हणाले साहेब,
आणि काही हजार वर्षं हातानंच झटकली.
जबड्याचा तुकडा. पायाची दोन हाडं.
एकाचं टोक कुरतडलेलं.
मी लिहिलं: दंतखुणा. प्राणी: सायाळ.
तिनंच ओढून आणलं असणार आत,
रात्री, खरडत, सगळ्या कड्याला ऐकू जाईल असं.

तालुक्याच्या शाळेला गेंड्याची बाहुली हवी होती.
मौनेश चित्रगारांकडं दात घेऊन गेले.
त्यांनी तो तळहातावर जोखला, गुळाचा खडा जोखावा तसा.
केवढा होता?
मी खांद्याला हात लावून दाखवलं.
बण्ण यावदु? रंग कुठला?
चिखलाचा, म्हटलं.
कुठल्या चिखलाचा ओ? नदीकडचा काळा, का डोंगराकडचा तांबडा?
मी वही उलटून पाहिली. त्याला रकाना नव्हता.

आणि शिंग? ह्या चित्रात शिंग दिसंना की.
शिंग हाडाचं नसतंय, मामा.
केसांसारखंच असतंय, दाबून बसलेलं. कुजून जातंय.
त्यांनी रंधा खाली ठेवला.
म्हणजे गेंडा ज्याच्यापायी गेंडा,
तेवढंच गेलं म्हणा.
थोड्या वेळानं:
आणि चावायचं तेवढं राहिलं.
हसले. हिरड्या दिसल्या, एक दात, तंबाखूचा.

आठवड्यानं गेंडा झाला. तांबडा,
नखं पिवळी, पाठीवर एक फूल,
कारण त्यांच्या हाताला घोड्यांची सवय.
शिंग वेगळं कोरलेलं, चिंचोक्याच्या खळीनं चिकटवून
रंगायचं ठेवलेलं,
गेंडा भिंतीकडेला सुकत.

सकाळी शिंग नव्हतं.
नातीच्या तोंडात होतं, भिजून मऊ झालेलं,
तिला दात येत होते, घरभर काहीही चावत सुटली होती.
सून तिच्या गालात बोट घालून ते काढत होती
आणि मौनेशमामा मला म्हणत होते,
दुसरं बसवतो, चारपर्यंत बसवतो, तुम्ही चहा घ्या.

मी चहा घेतला.
मग पट्टी शेजारी ठेवून गेंडा काढला, तसाच,
उजेड डावीकडून,
नाकावर वाळलेल्या खळीचा ठिपका.
शिंगही काढलं, बाजूला, एकास एक.
बुडाशी दोन बारीक खाचा.

समासात लिहिलं: दंतखुणा, दोन.
प्राणी:
इथं पेन्सिल थांबली.
आतून पुन्हा रडणं आलं, शिंगासाठी.
निंगव्वा, लिहिलं. वय अकरा महिने.